अंतर दीड तासाचे, वाट दीडशे वर्षांची

मुंबई ते नागपूर किती लांब आहे, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. विमानाचे वेळापत्रक सांगते, दीड तास. रेल्वे सांगते, ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्गाची लांबी आहे ७०१ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून सांताक्रूझच्या विमानतळापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली, तर ती सुमारे ६८० किलोमीटर भरते. आणि नागपुरातल्या जुन्या माणसाला विचारलेत, तर तो म्हणेल, ‘एका रात्रीची तर गोष्ट!’

या सगळ्यांपेक्षा वेगळे उत्तर सूर्याचे आहे. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो. ऋतूप्रमाणे दोन-चार मिनिटे इकडेतिकडे. घड्याळे दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, पण सीताबर्डीवर ऊन पडलेले असते तेव्हा गिरगावात अजून झुंजूमुंजू असते. एका राज्याच्या राजधानीत आणि उपराजधानीत पहाट एकदम होत नाही, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे.

या मार्गावर मी गेली तीसेक वर्षे ये-जा करतो आहे. कधी रेल्वेने, कधी बसने, अलीकडे क्वचित विमानानेही. इतक्या फेऱ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की दोन शहरांमधले अंतर किलोमीटरने सांगणे सोपे, तासांनी सांगणे त्याहून सोयीचे, पण दोन्ही अपुरे. जाणारा कोण, कशासाठी जातो आणि जाण्यावाचून त्याचे का अडते, हे विचारल्याशिवाय अंतर कळत नाही.

दीड तास म्हणजे नक्की किती?

आधी त्या दीड तासाचाच हिशेब करू. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. या वेगाने ६८० किलोमीटरला तासभरही लागू नये. मग वेळापत्रकात दीड तास कुठून आला?

पहिले कारण असे की वेळापत्रकातली वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान जागेवरून हलले तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणे, तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर पुन्हा रांगत येणे, हे सगळे त्यात आले. दुसरे असे की विमान वर चढताना आणि खाली येताना पूर्ण वेगाने जात नाही आणि इतक्या जवळच्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. तिसरे, आकाशातही ठरलेल्या वाटा आहेत. विमान रेघेसारखे सरळ जात नाही.

चौथे कारण खास मुंबईचे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी नागपूरहून आलेले विमान मुंबईच्या अलीकडे आकाशात घिरट्या घालत राहते आणि खिडकीतून तीच खाडी, तेच डोंगर पुन्हा पुन्हा दिसतात. विमान कंपन्याही ही शक्यता धरूनच वेळापत्रक आखतात. म्हणून कधी कधी विमान ‘वेळेच्या वीस मिनिटे आधी’ पोचते आणि प्रवासी खूश होतात! शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीवर असतात, मुंबईला येताना तोंडावर. त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेतही थोडा फरक पडतो.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब. डोंबिवलीचा माणूस दीड-दोन तास आधी घरून निघतो. विमान सुटण्याच्या तासभर आधी सामान देण्याची खिडकी बंद होते, म्हणून तो त्याआधी पोचतो. मग तपासणी, रांगा, वाट पाहणे. मग ते दीड तास. मग फिरत्या पट्ट्यावरची बॅग. नागपूरचा विमानतळ शहराला लागूनच आहे, ही नागपूरकरांची चैन. पण हाच प्रवासी यवतमाळचा, चंद्रपूरचा किंवा गोंदियाचा असेल तर पुढे आणखी दीडशेएक किलोमीटर रस्त्याने. म्हणजे दीड तासाच्या प्रवासाला आठ-नऊ तास. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. त्यामुळे पनवेलकडच्या माणसाचा यातला एखादा तास वाचेल. पण तो वाचेल जमिनीवर, हवेत नाही. हवेतला वेळ कमी होण्यासारखा आता फारसा उरलेलाच नाही.

कापसासाठी आलेली गाडी

हे अंतर पहिल्यांदा कमी झाले ते रेल्वेने. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पुढे कसाऱ्याचा थळ घाट ओलांडायला १८६५ उजाडले आणि १८६७ मध्ये रूळ भुसावळमार्गे नागपूरला पोचले. बैलगाडीने ज्या वाटेला आठवडेच्या आठवडे लागत, ती दिवसांवर आली.

पण ती कोणासाठी आली? नकाशावर तो मार्ग बघा. जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. हा कापसाचा मुलूख आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. खामगाव, अमरावती ही कापसाच्या बाजाराची गावे मुख्य रुळांपासून थोडी बाजूला राहिली होती, तर त्यांच्यासाठी खास फाटे टाकले गेले. कापूस मुंबईला, मुंबईहून बोटीने विलायतेला आणि तिकडून कापड होऊन पुन्हा इकडे, असा तो फेरा होता. वऱ्हाडातला शेतकरी मुंबईच्या जवळ आला असे म्हणण्यापेक्षा त्याचा कापूस जवळ आला, असे म्हणणे अधिक खरे.

त्या काळात एका माणसाने उलटा विचार केला. जमशेटजी टाटांनी आपली गिरणी मुंबईत न काढता नागपूरला काढली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जिथे पिकतो तिथेच त्याचे सूत आणि कापड का करू नये, हा त्यामागचा हिशेब. कापसाला मुंबईपर्यंत नेण्यापेक्षा गिरणीच कापसापर्यंत आणली. ती गिरणी पुढे बंद पडली, त्याची कारणे निराळी आहेत. पण कित्येक पिढ्या नागपुरातली हजारो घरे तिच्यावर जगली. अंतर कमी करण्याचे दोन मार्ग असतात, हे या उदाहरणातून दिसते. एक म्हणजे गाडी वेगवान करणे. दुसरा म्हणजे जाण्याची गरजच कमी करणे. दुसऱ्या मार्गाची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

मध्यरात्री भेटणारी विमाने

नागपूरला विमानाच्या इतिहासातही एक मानाचे पान आहे आणि ते नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, काही प्रवासीही एका विमानातून दुसऱ्यात जात आणि चारही विमाने पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. आज मुंबईत टाकलेले पत्र उद्या कलकत्त्यात! तेव्हाची डाकोटा विमाने ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरने जात, म्हणजे मुंबईहून नागपूरला अडीच तासांहून अधिक वेळ लागे. तरीही देशाच्या मध्यभागी असल्यामुळे ते नागपूर चारही महानगरांना सारखेच जवळ होते.

पुढे जेट विमाने आली. मुंबईहून कलकत्त्याला थेट जाता येऊ लागले, वाटेत उतरण्याचे कारण उरले नाही आणि ती सेवा इतिहासजमा झाली. आजही मुंबई-कोलकाता आणि दिल्ली-चेन्नई या वाटांवरची विमाने नागपूरच्या आकाशातून जातात. कुणा प्रवाशाची प्रकृती अचानक बिघडली तर ती तातडीने नागपूरला उतरवली जातात. एरवी ती वरून निघून जातात. वेग वाढला की मधली गावे लांब पडतात. हे रेल्वेच्या बाबतीत लहान स्टेशनांनी अनुभवले, रस्त्याच्या बाबतीत जुन्या हमरस्त्यावरच्या ढाब्यांनी अनुभवले आणि विमानाच्या बाबतीत एके काळी नागपूरने अनुभवले.

सरकार येते, आठवडे-दोन आठवडे

नागपूर ही जुन्या मध्य प्रांताची राजधानी. तिथे १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते. विदर्भ मराठी राज्यात यावा की न यावा, ही चर्चा चालली तेव्हा वैदर्भीय माणसाच्या मनातला मोठा प्रश्न हाच होता की उद्या प्रत्येक कामासाठी मुंबईला खेटे घालायचे काय? त्याला उत्तर म्हणून २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला. सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे होईल, असे त्यात लिहिले गेले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला राहिले. म्हणून आज भंडाऱ्याच्या पक्षकाराला तारखेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरकरांना हीच सोय मिळायला किती दशके मागणी करावी लागली, हे आपण पाहिलेच. तिथले सर्किट बेंच अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले.

अधिवेशनाची परंपरा मात्र हळूहळू आखडत गेली. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. एरवी डिसेंबरात मंत्रालयाच्या फायलींचे ट्रक येतात, मोर्चे निघतात, नागपूरची थंडी आणि संत्री यांच्यावर चार लेख येतात आणि थोड्याच दिवसांत सारे परत जाते. ज्या काळी मुंबईहून नागपूरला यायला रात्र मोडावी लागे, त्या काळी मंत्री आले की मुक्कामाला राहत. आता शुक्रवारी संध्याकाळी विमानाने घरी आणि सोमवारी सकाळी परत. प्रवास सोपा झाला आणि मुक्काम कमी झाला. राजधानी जवळ आली की सरकार जवळ येतेच असे नाही, हे यातून दिसते.

१९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द आपल्या राजकारणात रुजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांत कोण किती मागे, हे मोजण्याची ती खटपट होती. माझ्या मते तेही अंतराचेच मोजमाप होते, फक्त किलोमीटरऐवजी रुपयांत.

एक दिवस, दोन उद्घाटने

११ डिसेंबर २०२२ हा दिवस या गोष्टीत महत्त्वाचा आहे. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. पुढचे टप्पे होत होत ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडाही झाला. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आणण्याचा हा प्रकल्प. कसारा घाटाजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा हे मोठेच काम आहे आणि त्याचे कौतुक करण्यात मला कसलाही संकोच नाही. मात्र हा रस्ता संपतो भिवंडीजवळ आमणे इथे. तिथून मुंबईतल्या घरापर्यंतचे तास ज्याचे त्याने मोजावेत. वेगाची किंमतही विसरून चालणार नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. वाचवलेले तास आपण चालकाच्या झोपेतून तर काढत नाही ना, हे ज्याने त्याने विचारायला हवे.

त्याच ११ डिसेंबरला नागपुरात आणखी एक उद्घाटन झाले. ‘एम्स’चे. वर्तमानपत्रांत रस्त्याची बातमी मोठी आली, कारण रस्ता दिसतो, त्यावरून गाडी पळते. मला मात्र दुसरी बातमी अधिक मोठी वाटली. त्याचे कारण विदर्भ एक्सप्रेसच्या डब्यात आहे.

त्या गाडीने जाणाऱ्याला हे चित्र नवे नाही. रात्री जेवणाचे डबे उघडले जातात तेव्हा समोरच्या बाकावर एखादे कुटुंब गप्प बसलेले असते. पिशवीतून एक मोठा लिफाफा डोकावत असतो. त्यात फिल्म, तपासण्यांचे कागद, स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी. ‘कुठे निघालात काका?’ असे विचारले की उत्तर येते, ‘टाटाले.’ आणखी काही सांगावे लागत नाही. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले आणि तेव्हापासून त्याने देशभरातल्या लाखो माणसांना आधार दिला, याबद्दल दुमत नाही. पण अकोल्या-वाशीमच्या शेतमजुराला दर तीन आठवड्यांनी चौदा-पंधरा तासांचा प्रवास, मुंबईत उतरायला जागा नाही, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, घरी लहान मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर. हॉस्पिटलसमोरच्या पदपथावर रात्र काढणारी अशी कुटुंबे परळकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. विमान दीड तासात जाते, ही माहिती त्यांच्या काय कामाची?

एप्रिल २०२३ मध्ये नागपुरात राष्ट्रीय कर्करोग संस्थेचेही औपचारिक उद्घाटन झाले. हे दोन दवाखाने आल्याने मुंबईच्या सगळ्या खेपा थांबल्या असे मी म्हणणार नाही. पण ज्या कुटुंबाचे उपचार नागपुरात होऊ लागले, त्याच्यापुरते मुंबईचे ८३७ किलोमीटर पुसले गेले. जगातले कुठलेही विमान इतका वेळ वाचवू शकत नाही.

याचा अर्थ वेग ही चैन आहे, असा मुळीच नाही. अवयवदानात मिळालेले हृदय चारेक तासांत दुसऱ्याच्या छातीत बसावे लागते. नागपूरहून हृदय मुंबईला विमानाने आणल्याची उदाहरणे आहेत. तिथे रस्ता मोकळा करणाऱ्या वाहतूक पोलिसापासून वैमानिकापर्यंत प्रत्येकाने मिनिटे मोजलेली असतात. आई अत्यवस्थ असल्याचा फोन आलेल्या मुलालाही ते दीड तास देवासारखे वाटतात. वेग हवाच. पण तो ज्याला परवडतो त्यालाच मिळतो आणि सर्वांत निकडीची गरज बहुधा ज्याला परवडत नाही त्याची असते.

शेवटचा टप्पा

आणखी एक गोष्ट. मुंबईहून पाहिले की नागपूर लांब दिसते. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून पाहिले तर नागपूरही तितकेच लांब आहे. सुमारे साडेतीनशे किलोमीटर रस्ता आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तोही बंद. मुंबईच्या माणसाला नागपूर गाठायला दीड तास लागतात, पण भामरागडच्या बाळंतिणीला नागपूर गाठायला अख्खा दिवस. म्हणून ‘मुंबईने आमच्याकडे पाहिले नाही’ असे म्हणताना नागपूरनेही पूर्वेकडे मान वळवली पाहिजे.

तिथे ज्यांनी काम केले त्यांनी वेगाची वाट पाहिली नाही. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखानाच जंगलात नेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला दवाखान्यापर्यंत नेता येत नाही, तर उपचार बाळाच्या झोपडीपर्यंत जाऊ दे, हा तो विचार. त्याने बालमृत्यू कमी झाले आणि घरोघरी नवजात बालसेवेची ही पद्धत पुढे देशाने स्वीकारली. जमशेटजींनी कापसासाठी जे केले, ते या मंडळींनी माणसांसाठी केले.

म्हणून यापुढे कुठल्याही रस्त्याची, गाडीची, विमानसेवेची घोषणा वाचली की घरच्या मुलांसमोर दोन प्रश्न विचारून पाहावेत. हे अंतर कोणासाठी कमी झाले? आणि जे लोक या वाटेवर नाइलाजाने येतात, त्यांची खेप वाचवण्यासाठी काय केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उद्घाटनाच्या जाहिरातीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर जिल्ह्याच्या दवाखान्यात, तालुक्याच्या कचेरीत आणि गावातल्या शाळेत शोधावे लागते. नागपूर जवळ यावे, असे मला मनापासून वाटते. पण त्याहून अधिक असे वाटते की हौसेने मुंबई बघायला येणाऱ्यांची गर्दी त्या गाडीत वाढत जावी आणि लिफाफा घेऊन बसलेली कुटुंबे कमी होत जावीत. ते होईल तेव्हा ही दोन शहरे खरोखर जवळ आली, असे म्हणता येईल.